फोटोत कान महत्त्वाचे

फोटो काढायला शहरातल्या स्टुडिओत जायचं नाही, गावातच कुणाकडून तरी काढून घ्यायचा, असं रूलोफने ठरवलं त्या दिवशी त्याला कुणी अडवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण अडवणार कोण? बायको, मिंका, कामावर गेली होती, आणि रूलोफ स्वतःला कधीच अडवत नाही.

निमित्त तसं आनंदाचं होतं. रूलोफची कादंबरी छापून येणार होती. आमच्या हाल्टरवेन गावात आजवर छापून आलेल्या गोष्टी म्हणजे चर्चचं पत्रक आणि बटाट्याच्या पोत्यांवरची नावं. तिथे एका माणसाची अख्खी कादंबरी येणार ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हती. (गावाला ती थोडीथोडकीच वाटली, ते सोडा.) रूलोफ पाणीमंडळात नोकरीला आहे. शेतांमधून जे चर जातात, त्यांत काठी बुडवायची, पाणी चढलं की उतरलं ते बघायचं आणि पुढच्या चराकडे जायचं, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं काठी बुडवता बुडवता त्याच्या मनात जे काही साचलं, ते त्याने 'चराकाठी एकटा' या नावाने लिहून काढलं. त्यात एक माणूस चराकाठी उभा असतो. बराच वेळ उभा असतो. शेवटी घरी जातो.

त्याच्या प्रकाशिका लिडवायबाई तिकडे शहरात राहतात आणि गॅरेजच्या वरच्या खोलीतून प्रकाशन चालवतात. त्यांचा फोन आला.

“पुस्तकाच्या मागच्या बाजूला तुमचा फोटो लागेल,” त्या म्हणाल्या. “बघताक्षणी वाचकाला वाटलं पाहिजे, की या माणसाने आयुष्यात काहीतरी सोसलंय.”

“सोसलंय म्हणजे नक्की काय?”

“ते तुम्ही बघा. आणि आणखी एक, राग मानू नका. प्रकाशन तुमच्या गावातच करू या. गावाने पुस्तक उचललं तर तुमची दुसरी कादंबरी मी डोळे मिटून घेईन. पण स्वतःचं गावच विचारत नसेल, तर बाकीच्यांनी का विचारावं?”

दुसरी कादंबरी रूलोफच्या टेबलावर अर्धी लिहून तयार होती. तिचं नाव 'पुन्हा चराकाठी'. तिच्यातला माणूस अजून उभाच होता आणि त्याला घरी पोचवायची रूलोफला फार ओढ लागली होती. फोन ठेवला आणि तो तडक आरशासमोर जाऊन उभा राहिला.

आता रूलोफचा चेहरा. देवाने तो गोल, गुलाबी आणि तुकतुकीत केला आणि त्यावर सोसल्याची एक रेघ मारायची राहून गेली. वय सेहेचाळीस, पण येनेव्हर दारूची बाटली घ्यायला गेला तेव्हा दुकानातल्या मुलीने त्याच्याकडे वयाचा पुरावा मागितला होता. (असं तो सांगतो. मिंका म्हणते, त्या मुलीला चष्मा लागलाय.) घरातले सगळे फोटो काढून त्याने टेबलावर मांडले. बोटीवर आइस्क्रीम खाताना हसतोय. मेहुण्याच्या लग्नात हसतोय. सासऱ्यांच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीपानाला सगळे मान खाली घालून बसलेत आणि हा केकची बशी हातात धरून हसतोय. ओळखपत्रावर हसायची सरकारी बंदी असते, तिथेही तो फोटो निघाल्यावर लगेच हसणार आहे, असं स्पष्ट दिसतं.

“दाढी ठेवतो,” तो संध्याकाळी मिंकाला म्हणाला.

“येते का तुला?”

आली, पण ठिकठिकाणी आली. मधल्या मोकळ्या जागा तशाच राहिल्या आणि जी आली ती गाजराच्या रंगाची. तीन-चार आठवडे वाट पाहून रूलोफने तीच घेऊन मेहुण्याचं दार वाजवलं.

हा मेहुणा म्हणजे मिंकाचा धाकटा भाऊ, हार्म. तो फोटोच काढतो, पण गायींचे. कुणाला हसू येत असेल तर आधीच सांगतो, आमच्याकडे हे मानाचं काम आहे. जातिवंत जनावरांचा कॅटलॉग निघतो, तो कुठल्या कुठल्या देशांत जातो, आणि तिकडचे लोक फोटो बघून इकडची जनावरं पसंत करतात. हार्मने टिपलेली गाय कॅटलॉगात दिसली की तिच्या मालकाची मान आठवडाभर ताठ असते. माणसाचा फोटो मात्र हार्मने जन्मात काढलेला नव्हता.

“जमेल ना?” रूलोफने विचारलं.

“न जमायला काय झालं. स्वस्थ उभं राहणं गायीला जमत नाही, तसं माणसालाही जमत नाही.”

शनिवारी दुपारी हार्मच्या कुरणात चराच्या कडेला सगळा सरंजाम मांडला. चर पाहिजेच असा रूलोफचा हट्ट होता. मिंका मदतीला आली होती. दाढी पिकलेली दिसावी म्हणून रूलोफने तीत मैदा चोळला होता. वारा होता, त्यामुळे थोडा भुवयांवर गेला आणि तिथेच बसला.

हार्मने गवतात एक फळी टाकली. “पुढचे पाय फळीवर ठेव.”

“अरे, मला दोनच पाय आहेत.”

“मग तेच पुढचे. पुढची बाजू जरा उंचावली की पाठ सरळ दिसते आणि पोट आत जातं.”

रूलोफ फळीवर चढला. हार्मने दोन पावलं मागे जाऊन त्याला बाजूने न्याहाळलं, जवळ येऊन त्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली, डावा गुडघा पुढे ओढला आणि सवयीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“आता कान,” तो म्हणाला.

“कानांचं काय?”

“फोटोत सगळं कानांवर असतं, रूलोफ. कान पडलेले दिसले की गिऱ्हाईक समजतं, जनावर आजारी आहे. कान पुढे आले की चेहऱ्यावर आपोआप जान येते. मिंका, तू कुंपणामागे जा आणि बादली वाजव.”

मिंका कुंपणामागे गेली आणि तिने बादली वाजवली. पलीकडच्या शेतातल्या गायी सगळ्या रांगेने कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. रूलोफचे कान जागचे हलले नाहीत. तिने निळं प्लास्टिक फडफडवलं, छत्री फटकन उघडली, शेवटी हार्मच्या सांगण्यावरून हंबरूनही बघितलं. (मिंका दातांच्या दवाखान्यात काम करते. रस्त्याने त्यांचे एक पेशंट सायकलवरून चालले होते, त्यांनी पुढची तारीख नंतर फोन करून बदलून घेतली.) रूलोफ फळीवर उभा राहून दूरवर बघत होता आणि जितका सोसलेला दिसू पाहत होता तितका जास्त हसरा दिसत होता.

मग कुंपणामागून मिंकाचा शांत आवाज आला, “रूलोफ, तुझी कादंबरी वाचून झाली माझी.”

वसंतात त्याने ती तिच्या हातात दिली होती. तेव्हापासून ती उशाशी पडून होती आणि तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं जात होतं. त्याने एकदाही विचारलं नव्हतं. आता ते ऐकताच त्याची मान झटकन वळली, ओठ विलग झाले, कपाळावर आठ्या उमटल्या आणि भीती, आशा, विनवणी असं सगळं त्या गुलाबी चेहऱ्यावर एकदम गोळा झालं. हार्मने बटण दाबलं.

“मग?” रूलोफचा आवाज चिरकला. “कशी वाटली?”

“अरे, वाचलीय कुठे अजून,” मिंका कुंपणामागून बाहेर येत म्हणाली. “तुझे कान उभे राहावेत म्हणून म्हटलं.”

फोटो बघून मात्र तो मगाचं दुःख विसरला. पांढरी दाढी, पांढऱ्या भुवया आणि डोळ्यांत जन्मभराची वाट पाहणं. मिंका म्हणाली, “साठीचा दिसतोयस रे.” एवढं चांगलं ती लग्नात त्याच्याबद्दल बोलली नव्हती. लिडवायबाईंचा उलट टपाली निरोप आला, की असा सोसलेला लेखक त्यांच्या गॅरेजवर आजवर आलेला नाही. त्यांनी फोटो पुस्तकावर तर छापलाच, वर जाहिरातीसाठी त्याचं एक ताडपत्रीचं फडकं करून पाठवलं. फडकं गोठ्याच्या दाराएवढं होतं. वरपासून खालपर्यंत चेहरा. त्याखाली ठळक अक्षरांत 'रूलोफ'. त्याखाली 'शनिवारी संध्याकाळी, सभागृहात, सर्वांनी यावे'. आणि सगळ्यात खाली, नाजूक अक्षरांत, कादंबरीचं नाव. आजकाल असंच करतात, असं बाईंचं म्हणणं.

गावात शिरताना पहिलं घर रूलोफचं लागतं. त्याने सोमवारी सकाळी ते फडकं रस्त्याकडेच्या कुंपणाला बांधलं आणि कामावर गेला. कुंपणापुढे चर आहे, चरात कमरेएवढे बोरू वाढलेत. नाजूक अक्षरं त्या बोरूंच्या मागे गेली.

आता आमच्या भागात रस्त्याकडेला माणसाचा एवढा मोठा फोटो लागला, की त्याचा अर्थ एकच. पन्नाशी. पन्नास वर्षं झाली की माणसाला बायबलातला अब्राहम दिसला असं म्हणायचं. मग शेजाऱ्यांनी त्याचा मिळेल तितका वाईट फोटो शोधायचा, मोठा करून रस्त्यात टांगायचा, अंगणात त्याच्या रूपाचं एक बुजगावणं बसवायचं आणि त्याच्याच घरचं खाऊनपिऊन मध्यरात्री घरी जायचं. हे रूलोफला माहीत नव्हतं असं नाही. शेजारच्या डिनीच्या नवऱ्याच्या वेळी बुजगावण्याच्या डोक्यात पेंढा त्यानेच भरला होता. पण लेखक झालेल्या माणसाला आपला फोटो वाईट वाटत नाही, तिथे सगळा घोळ झाला.

संध्याकाळी तो घरी आला तर अंगणात पाणीमंडळाचा डगला आणि रबरी बूट घातलेलं एक बुजगावणं खुर्चीवर बसलं होतं. त्याच्या हातात मोजायची काठी होती, दाढी लोकरीची होती आणि गळ्यात पन्नासचा आकडा. भोवती शेजारीपाजारी, आणि पुढे कमरेवर हात ठेवून डिनी. आमच्या आळीत कुणाचं लग्न असो की बाळंतपण, डिनी पुढे असते. शेजारधर्माच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा.

“काय रे, लपवून ठेवलंस?” डिनी म्हणाली. “इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आपण, आणि मला रस्त्यातल्या फडक्यावरून कळावं?”

“अगं डिनी, मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.”

“सगळे असंच म्हणतात.”

“खरंच सांगतोय.”

“रूलोफ,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “मी फोटो बघितलाय.”

“तो पुस्तकाचा फोटो आहे. मी कादंबरी लिहिलीय.”

डिनीने आपल्या नवऱ्याकडे वळून बघितलं. “बघ, पन्नाशीत प्रत्येकाचं काहीतरी निघतंच. तू मोटरसायकल घेतलीस. याचं हे.”

“मिंका, तू तरी सांग यांना.”

मिंका सांगणारच होती. तिने तोंड उघडलंही. मग ते मिटलं, रूलोफचा दंड धरला आणि त्याला स्वयंपाकघरात नेलं.

“मागे तू वाचनालयात चरांवर बोलला होतास,” ती म्हणाली. “किती माणसं आली होती?”

“दोन.”

“त्यातला एक हीटर बंद करायला थांबला होता. शनिवारी सभागृहात कोण येणार होतं तुझ्या पुस्तकासाठी?”

रूलोफने मिंका आणि हार्म अशी दोन बोटं मोजली.

“आता गाव येतंय. सगळं गाव. ते कशासाठी येतंय याची पंचाईत तुला कशाला?”

“पण ही फसवणूक आहे, मिंका. लेखकाने निदान स्वतःच्या वयाशी तरी प्रामाणिक राहावं.”

“दाढीत मैदा कुणी घातला?”

रूलोफ खिडकीकडे वळला. खिडकीतून बुजगावणं दिसत होतं. रूलोफच्या मागे टेबलावर 'पुन्हा चराकाठी'ची अर्धी पानं पडली होती आणि त्यांतला तो बिचारा अजून चराकाठी उभा होता. रूलोफ बाहेर गेला आणि म्हणाला, “बरं. झालो पन्नास.” आळीने टाळ्या वाजवल्या, आणि कॉफी ठेवायला मिंका परत आत गेली.

निघताना डिनीने तिला हळूच विचारलं, “याला द्यायचं काय गं?”

“पुस्तक द्या,” मिंका म्हणाली. “पुस्तकं आवडतात त्याला.” तिच्या मनात त्या वेळी काय होतं ते तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. रूलोफला पुस्तकं आवडतात हे मात्र दुसऱ्या सकाळी गावभर झालं.

पुस्तकांचं दुकान आमच्या गावात एकच, आल्बर्टचं. तो पाकिटं, फुगे, शुभेच्छापत्रं विकतो, आणि उरलेल्या जागेत पुस्तकं ठेवतो. लिडवायबाईंनी सगळी आवृत्ती खोक्यांत भरून त्याच्याकडे पाठवली होती, त्यामुळे त्या आठवड्यात दुकानाच्या काचेत पुस्तक म्हणजे 'चराकाठी एकटा'च होतं. डिनी आत आली, तिने एक प्रत उचलली, उलटी केली, आणि मैदा लावलेला रूलोफ दिसताच तिला इतकं हसू लोटलं की फुग्यांच्या स्टँडला धरावं लागलं.

त्याचं असं आहे, की पन्नाशीला आमच्याकडे गमतीचं वर्तमानपत्र छापून घेतात. पहिल्या पानावर वाढदिवसवाल्याचा फोटो आणि त्याच्या नावावर काहीतरी भन्नाट बातमी. डिनीला वाटलं, मिंकाच्या माहेरच्यांनी या खेपेला अख्खं पुस्तकच छापून आणलं.

“आतमध्ये सगळीकडे लिहिलंय की रे,” ती पानं उलटत म्हणाली. “केवढा खर्च केलाय लोकांनी. दे एक, आणि मी नेलं हे कुणाला सांगू नकोस.”

आल्बर्ट मुळात कमी बोलणारा. गल्ला चालू असेल तेव्हा तर अजिबातच बोलत नाही. डिनी गेल्यावर तिची जाऊ आली, मग पोस्टमन, मग बेकरीवाले नवराबायको, आणि प्रत्येकाने उलटं करून फोटो बघितला, पोट धरून हसून घेतलं, एक प्रत कागदात गुंडाळून घेतली आणि कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं. आल्बर्टने एकालाही सांगितलं नाही.

शुक्रवारी कामावरून येताना रूलोफ दुकानात डोकावला. त्याला धीर होत नव्हता, म्हणून त्याने आधी एक पेन्सिल घेतली.

“कसं काय चाललंय?”

“जातायत,” आल्बर्ट म्हणाला.

“म्हणजे एखाददुसरी?”

“शेवटचं खोकं उघडलंय.”

रूलोफ पेन्सिल तिथेच विसरून बाहेर आला. घरापर्यंत त्याने सायकल हातात धरून नेली. वाटेत जो तो त्याच्याकडे बघून गालात हसत होता. बेकरीवाल्याने डोळा मिचकावला. डिनी दारातून म्हणाली, “उद्या बघशीलच.” रूलोफ कोपऱ्यावरच्या चराशी थांबला. या गावाने त्याला इतकी वर्षं काठीवाला म्हणून हाक मारली होती, आणि तेच गाव गुपचूप त्याची कादंबरी विकत घेऊन वाचत होतं. त्याला भरून आलं. आपण गावाला उगाच अडाणी समजत होतो, असं म्हणून तो चराकाठी एकटाच थोडा रडला.

शनिवारी सभागृहात त्याने खुर्च्या रांगांनी मांडून ठेवल्या होत्या. लोक आले आणि त्यांनी त्या उचलून गोल मांडल्या. वाढदिवस म्हटला की खुर्च्या गोल. मग येणारा प्रत्येक जण गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवून प्रत्येकाचं अभिनंदन करत पुढे सरकू लागला. मिंकाचं नवऱ्याबद्दल, हार्मचं मेहुण्याबद्दल, डिनीचं शेजाऱ्याबद्दल. लिडवायबाई दारातच सापडल्या. त्या कोण हे कळल्यावर लोकांनी तीही गंमतच समजून त्यांचं लेखकाबद्दल अभिनंदन केलं. छतावरून पन्नासच्या पताका लोंबत होत्या.

“वाढदिवस आणि प्रकाशन एकाच दिवशी,” बाई रूलोफच्या कानात म्हणाल्या. “डोकं आहे हो तुम्हाला.”

केक झाला, चीज-मोहरी झाली, येनेव्हरच्या दोन फेऱ्या झाल्या. मग रूलोफ उभा राहिला, त्याने घसा साफ केला आणि पहिलं प्रकरण वाचायला घेतलं.

“त्याने चरात काठी बुडवली,” रूलोफ वाचू लागला. “पाणी चढलं नव्हतं.”

डिनीला फस्सकन हसू आलं. वाढदिवसाला कुणीतरी उठून नक्कल करायचीच असते, पण स्वतःची नक्कल स्वतः करणारा आजपर्यंत कुणी निघाला नव्हता.

“उतरलंही नव्हतं,” रूलोफने वाचलं.

सभागृह दणाणलं. पोस्टमनला ठसका लागला. पुढे तो माणूस पलीकडच्या काठाकडे बघत आपल्या वाया गेलेल्या तारुण्याचा विचार करतो, तिथे बेकरीवालीने डोळे पुसत हात जोडले, की आता बस कर, पोट दुखतंय. रूलोफ गोंधळून थांबला की लोक त्या थांबण्यालाही हसत. त्या सगळ्या गोलात एकटा हार्म हसला नाही. तो हाताची घडी घालून, मान तिरकी करून, रूलोफच्या हातातल्या पुस्तकाकडे एकटक बघत होता. रूलोफने ते बघितलं आणि उरलेलं पान त्याच्याकडे बघून वाचलं.

“हे विनोदी आहे ते मला हस्तलिखित वाचताना कळलंच नव्हतं,” तो खाली बसला तेव्हा लिडवायबाई म्हणाल्या. “माझंच चुकलं.”

मग भेटवस्तू. टेबलावर रचलेली पुडकी सगळी एका आकाराची होती, हे तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. आमच्यात भेट देणाऱ्यासमोर उघडतात आणि हेच हवं होतं असं म्हणतात. रूलोफने डिनीचं पुडकं उघडलं. आतून त्याचाच चेहरा बाहेर आला.

“अरे वा,” रूलोफ म्हणाला. “हेच हवं होतं.”

दुसरं पुडकं डिनीच्या जावेचं. “अरे वा,” रूलोफ म्हणाला. तिसऱ्याला डिनीने जावेकडे रोखून बघितलं. चौथ्याला सगळ्यांनी आल्बर्टकडे बघितलं आणि आल्बर्टने छताकडे. त्यापुढे मात्र लोकांना आवरेना. पुडकं फाटलं की गोलातून एका सुरात “हेच हवं होतं” असा गजर व्हायचा आणि रूलोफ आणखी एकदा स्वतःकडे त्याच विनवणीच्या डोळ्यांनी बघायचा. फक्त हार्मने रबरी बुटांचा जोड दिला.

“दुकान रिकामं झालं,” आल्बर्टने लिडवायबाईंना सांगितलं. त्या संध्याकाळी तो एवढंच बोलला.

“आवृत्ती आठवड्यात संपली,” बाई रूलोफचा हात हातात घेऊन म्हणाल्या. “दुसरी कादंबरी माझी. शब्द म्हणजे शब्द.”

तर रूलोफला हवं होतं ते सगळं झालं. गावाने पुस्तक उचललं होतं. रविवारी सकाळी ते सगळं त्याच्या बैठकीच्या खोलीत रचून ठेवलेलं होतं, सोफ्यावर, सोफ्याखाली, पियानोवर. तो मधोमध मोड्यावर बसला होता. गावात एकाही घरात त्याची कादंबरी नव्हती, आणि त्याच्या घरात दुसरं काही ठेवायला जागा नव्हती.

“दुसरी कादंबरी घेतली ना?” मिंका म्हणाली. “मग तोंड का पाडतोस?”

“वाचलं कुणीच नाही गं.”

मिंका जराशी वरमली. ती उशाशी जाऊन चष्म्याचं घर आणि त्याखालची कादंबरी उचलून घेऊन आली.

रूलोफने ढीग नीट लावायला घेतले तेव्हा त्याला दिसलं, की आवृत्तीच्या आकड्यात एक प्रत कमी भरतेय. त्याने परत लावले. आल्बर्टला फोन केला. दुकानात काही उरलं नव्हतं, आणि ढिगात एक कमी होती. म्हणजे या गावात कुणीतरी कादंबरी विकत घेतली होती आणि ठेवून घेतली होती. रूलोफ मोड्यावरून ताडकन उठला. एक वाचक. त्याला एक पुरेसा होता.

आठवडाभर तो संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायचा. आमच्याकडे खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, त्यामुळे त्याला रस्त्यावरून सगळी घरं बघता आली. डिनी टीव्ही बघत होती. बेकरीवाला खुर्चीत झोपलेला होता. पोस्टमन जिगसॉ जुळवत होता. वाचताना कुणी दिसेना. मग एके दिवशी चरात काठी बुडवताना त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भेट म्हणून पुस्तक न देणारा एकच होता. वाचताना न हसणाराही तोच होता. जनावरांच्या कानातले बिल्ले सोडून ज्याने कधी काही वाचलं नाही, त्या हार्मलाच आपली कादंबरी कळली होती. रूलोफने काठी तिथेच टाकली आणि सायकल दामटली.

हार्म कुरणात एक गुडघा टेकून बसला होता. समोर एक थोराड काळीपांढरी गाय तिरकी उभी होती.

“हार्म,” रूलोफ धापा टाकत म्हणाला, “माझं पुस्तक तू घेतलंस?”

“घेतलं ना.”

“आणि भेट दिलं नाहीस.”

“देणार होतो. पण सभागृहात तुझ्या हातात बघितलं आणि म्हटलं, हे आपल्याला ठेवायलाच हवं, म्हणून गाडीतले बूट दिले. रोज लागतं मला ते.”

रूलोफ जवळ सरकला. “रोज?”

“दोन-तीनदा तरी. त्याच्याशिवाय आता माझं काम होत नाही.”

“कुठवर आलास?” रूलोफने हळूच विचारलं.

“हलू नकोस,” हार्म म्हणाला. ते गायीला होतं. मग तो मान न वळवता म्हणाला, “त्या दिवशी तू फळीवर उभा राहिलास ना, तेव्हाच ती मोडली. नवी बघत होतो, तर हे नेमकं मापाचं निघालं. पुढचा पाय हवा तेवढाच उचलला जातो. दुसरं लिहितोयस म्हणे? तेवढंच जाड लिही. म्हणजे दोन्ही पायांखाली एकेक होईल.”

रूलोफने खाली बघितलं. गायीचा पुढचा पाय 'चराकाठी एकटा'वर भक्कम रोवलेला होता. पुस्तक उलटं ठेवलेलं होतं, पुढची बाजू गुळगुळीत असल्याने तिच्यावर खूर घसरतो म्हणून. खुराखालून रूलोफ चराकडे बघत होता, आणि त्याने सोसलंय यात आता कुणालाही शंका आली नसती.

वसंतात कॅटलॉग आला. फोटोत गवत तोकडं होतं, त्यामुळे पुस्तक झाकलं गेलं नव्हतं. ती गाय खूप लोकांनी पसंत केली आणि तो अंक परदेशात नेहमीपेक्षा जास्त गेला. एवढ्या देशांत पोचलेला लेखक आमच्या जिल्ह्यात दुसरा नाही, असं मिंकाने रूलोफला समजावलं. ती तोवर कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणापर्यंत आली होती. हार्म स्वतः अंक घेऊन आला आणि पान उघडून त्याने तो टेबलावर, 'पुन्हा चराकाठी'च्या कागदांवर ठेवला.

“बघ,” तो म्हणाला. “कान काय सुरेख आलेत.”

रूलोफने फोटोवर वाकून बघितलं. “कुणाचे?” त्याने विचारलं.

हार्मने अंक उचलून उजेडात धरला आणि नीट निरखला.

“तिचे,” तो म्हणाला. “तुझे खुराखाली गेलेत.”